फायरफॉक्स कलर : थीम बनवण्यासाठी उत्तम, सांभाळण्यासाठी अपुरे

ब्राउझरच्या वरच्या पट्टीला आपल्या पसंतीचा रंग द्यावा, जमल्यास तिच्यामागे एखादे चित्र लावावे आणि झालेली थीम इतरांनाही विनामूल्य वापरू द्यावी, अशी हौस असणाऱ्यांसाठी फायरफॉक्स हा ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने ‘फायरफॉक्स कलर’ हे साधन उपलब्ध करून दिले आहे. जून २०१८ मध्ये ते ‘टेस्ट पायलट’ या मोझिलाच्या प्रायोगिक उपक्रमातून पुढे आले. तो उपक्रम जानेवारी २०१९ मध्ये गुंडाळला गेला, पण हे साधन टिकले. थीम बनवणे आणि त्या वर्षानुवर्षे चालू ठेवणे हा माझा छंद आहे आणि त्याच नजरेने मी या साधनाकडे पाहतो.

पहिल्या कामात ते खरोखर चोख आहे. एक छोटे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा पूरक प्रोग्राम, बसवले की साधनाच्या संकेतस्थळावर निवडलेला रंग त्याच क्षणी आपल्या चालू ब्राउझरला लागतो. टूलबार, त्यावरील चिन्हे, ॲड्रेस बार, त्यातील अक्षरे, मागचा पट्टा आणि निवडलेल्या टॅबवरची रेघ या प्रत्येकाचा रंग स्वतंत्रपणे ठरवता येतो. चुकले तर मागे जाता येते आणि काहीच सुचत नसेल तेव्हा साधनालाच यादृच्छिक रंगसंगती मागता येते, जी बहुतेक वेळा भडक निघते, पण क्वचित एखादी अनपेक्षितपणे सुरेखही निघते. मला सर्वांत आवडलेली सोय मात्र वेगळीच आहे. संपूर्ण रंगसंगती पानाच्या पत्त्यातच साठवलेली असल्याने तो दुवा मित्राला पाठवला की थीम पोहोचली. त्यासाठी खाते उघडावे लागत नाही. स्वतःचे चित्र वापरले असेल तर ते मात्र या दुव्याबरोबर जात नाही.

रंग निवडताना डोळ्यांवर फार विश्वास ठेवू नये, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. हळदीसारखा पिवळा, म्हणजे एफ-२-बी-७-०-५ या संगणकी संकेतांकाचा रंग टूलबारला दिला आणि त्यावर पांढरी अक्षरे ठेवली, तर छोट्या नमुना-चित्रात ते प्रसन्न दिसते. पण दोन्ही रंगांच्या उजळपणातील तफावतीचे गुणोत्तर जेमतेम १.८ इतकेच भरते. वाचनसुलभतेच्या प्रचलित निकषानुसार सामान्य आकाराच्या मजकुरासाठी ते किमान ४.५ असावे लागते. त्याच पिवळ्यावर काळी अक्षरे घेतली की गुणोत्तर ११.५ च्या आसपास जाते. तेव्हा थीम इतरांना देण्यापूर्वी प्रत्येक जोडी तफावत मोजणाऱ्या साधनातून तपासून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. मराठीत ब्राउझर वापरणाऱ्यांसाठी तर तो अधिकच महत्त्वाचा आहे, कारण टॅबवरच्या बारीक अक्षरांत वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे आधीच दाटीवाटीने बसलेली असतात आणि निवडलेला नसलेला टॅब थेट मागच्या चित्रावर उमटतो. पाने, फुले आणि नक्षी यांनी गजबजलेले चित्र वर लावले की ‘अर्थ’ आणि ‘अर्ध’ यांतला फरक त्या गर्दीत हरवतो. म्हणून चित्रातला ऐवज उजव्या टोकाला ठेवावा आणि डावीकडे शांत, सपाट रंग राहू द्यावा. फायरफॉक्स मुख्य चित्र उजव्या वरच्या कोपऱ्याला धरून मांडतो, त्यामुळे खिडकी लहान केली तरी उजवीकडचाच भाग शिल्लक राहतो. साधारण ३००० बाय २०० पिक्सेलचे चित्र रुंद पडद्यांनाही पुरते.

तयार थीम फाइल म्हणून उतरवून मोझिलाच्या ॲड-ऑन संकेतस्थळावर चढवता येते. तेथे शुल्क पडत नाही. क्रोमच्या वेब स्टोअरमध्ये प्रकाशक म्हणून नोंदणी करताना एकदाच ५ डॉलर भरावे लागतात; रक्कम मोठी नाही, पण ज्या छंदातून एक पैसा मिळवायचा नाही त्यासाठी परदेशी चलनात कार्ड चालवायला अनेकजण कचरतात. मोझिलाकडून थीमच्या फाइलवर डिजिटल स्वाक्षरी, म्हणजे मान्यतेची संगणकी खूण, करून घ्यावी लागते, त्याशिवाय ती नेहमीच्या फायरफॉक्समध्ये कायमची बसत नाही. ही अट जाचक वाटली तरी योग्यच आहे.

येथपर्यंत साधनाला पाचपैकी पाच गुण द्यायला हरकत नाही. पण नव्याचे नऊ दिवस सरले की थीमकर्त्याचे खरे काम सुरू होते आणि तेथे फायरफॉक्स कलर फारसे उपयोगी पडत नाही. जुन्या काळी फायरफॉक्सच्या ‘संपूर्ण थीम’ बटणापासून मेनूपर्यंत सगळ्याचे रूप बदलत असत. २०११ पासून नव्या आवृत्त्या दर काही आठवड्यांनी येऊ लागल्या, तशी त्या थीम दुरुस्त करत राहणाऱ्यांची दमछाक होऊ लागली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या ५७व्या आवृत्तीने तो प्रकारच बंद केला. त्याआधी, जानेवारी २०१० मध्ये ३.६ या आवृत्तीपासून ‘पर्सोना’ नावाच्या हलक्या थीम ब्राउझरमध्येच आल्या होत्या. आजच्या थीम हा त्याच हलक्या परंपरेचा पुढचा टप्पा आहे : थीमची माहिती ब्राउझरला सांगणारी एक मॅनिफेस्ट नावाची टेक्स्ट फाइल, तिच्यात रंगांची यादी आणि हवी तर चित्रे.

मॅनिफेस्टमध्ये ज्या नावांनी प्रत्येक भागाचा रंग सांगायचा ती नावे कायमची नसतात, हे हौशी मंडळींनी नीट लक्षात ठेवले पाहिजे. ‘ॲक्सेंटकलर’ आणि ‘टेक्स्टकलर’ ही जुनी नावे फायरफॉक्सने ७०व्या आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०१९ पासून, ओळखणे सोडले आणि त्यांच्या जागी ‘फ्रेम’ व ‘टॅब-बॅकग्राउंड-टेक्स्ट’ ही नावे आली. जून २०२१ मध्ये ८९व्या आवृत्तीने ‘प्रोटॉन’ हे नवे रूप आणले. टॅब पट्टीला चिकटलेले न राहता गोलसर कोपऱ्यांचे, सुटे दिसू लागले आणि टॅबच्या मधल्या उभ्या रेघेला रंग देण्याची सोय निरर्थक झाली. ज्या थीमचे सारे सौंदर्य त्या रेघांवर उभे होते, त्या एका रात्रीत बापुड्या दिसू लागल्या. असे बदल होतात तेव्हा हाताने मॅनिफेस्ट उघडून नावे बदलणे, आवृत्तीचा क्रमांक वाढवणे आणि फाइल पुन्हा चढवणे एवढे काम करावेच लागते. त्यानंतर वापरणाऱ्यांपर्यंत नवी आवृत्ती आपोआप पोहोचते. गडद किंवा उजळ रूप स्पष्टपणे सांगणारा ‘कलर-स्कीम’ हा गुणधर्मही मी मॅनिफेस्टमध्ये हातानेच लिहितो, कारण तो नसेल तर ब्राउझर अक्षरांच्या आणि पट्टीच्या रंगांवरून अंदाज बांधतो आणि मध्यम छटांच्या थीममध्ये तो अंदाज कधी कधी मनाजोगता नसतो.

म्हणून ज्याला आपल्यापुरती किंवा मित्रमंडळींपुरती रंगसंगती हवी आहे त्याने फायरफॉक्स कलरच्या पलीकडे जाण्याची काहीच गरज नाही. ज्याला थीम प्रकाशित करून अनोळखी वापरकर्त्यांच्या हाती द्यायची आहे त्याने येथे फक्त रंग ठरवावेत, फाइल उतरवून घ्यावी आणि पुढचे सारे बदल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये करावेत. अँड्रॉइडवरचा फायरफॉक्स या थीम घेत नाही, हेही आधीच सांगून ठेवावे, म्हणजे ‘मोबाइलवर दिसत नाही’ अशा तक्रारी कमी येतात.

चित्रांच्या हक्कांबाबत येथे सर्रास हयगय होते. गणपतीचे आंतरजालावरून उचललेले छायाचित्र किंवा एखाद्या हयात चित्रकाराने रंगवलेले महाराजांचे चित्र थीमला लावणे, ती विनामूल्य असली तरी, उचित नाही. भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. १९०६ मध्ये निधन पावलेल्या राजा रविवर्म्याची चित्रे त्यामुळे केव्हाच मुक्त झालेली आहेत आणि त्यांतले गडद, मातकट रंग पट्टीवर शोभतातही. स्वतः काढलेले चित्र असेल तर थीम चढवताना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे ठरावीक अटींवर इतरांना वापराची मुभा देणारा, परवाना निवडता येतो. मी श्रेय देण्याच्या अटीवर वापराची मोकळीक देणारा निवडतो.

छंद सोडायचा झाला, तर ॲड-ऑन संकेतस्थळावरील थीमचे पान बंद करता येते. ज्यांनी ती आधीच बसवली आहे त्यांच्या ब्राउझरमध्ये मात्र ती राहते आणि तिला नवी आवृत्ती मिळत नाही. त्यामुळे पान बंद करण्यापूर्वी चालू नावांनिशी, अनावश्यक गुणधर्म काढून टाकलेली आणि रंगांची तफावत तपासलेली एक शेवटची आवृत्ती चढवून ती वापरकर्त्यांपर्यंत पोहोचायला काही आठवडे द्यावेत.