नौपाड्यातील ब्यूटिशियन कोर्स : हजेरी आणि शिस्तीचा अनुभव

माझ्या मुलीने ठाण्याच्या नौपाड्यातील एका खासगी संस्थेत ब्यूटिशियनचा कोर्स नुकताच पूर्ण केला. प्रवेशाच्या वेळीच पालकांसमोर नियम वाचून दाखवले गेले, ही गोष्ट मला आवडली. आयटीआयच्या कॉस्मेटॉलॉजी या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते. हीच अट या संस्थेनेही ठेवली आहे आणि ती योग्यच आहे, कारण थ्रेडिंगमध्ये दोऱ्याचा ताण किती ठेवायचा हे वहीतल्या नोट्स उतरवून नव्हे, तर रोज हात चालवूनच जमते.

वर्तनाचे नियम कडक, पण सकारण आहेत. नखे कापलेली, केस बांधलेले, अंगठी काढलेली आणि अ‍ॅप्रन स्वच्छ असल्याखेरीज मुलींना ग्राहकाजवळ जाऊ देत नाहीत. त्वचेला लागलेला स्पॅच्युला (वॅक्स लावायची चपटी पट्टी) पुन्हा वॅक्सच्या भांड्यात बुडवला, तर बाई सगळे वॅक्स फेकून द्यायला लावतात. हेअर कलरआधी पॅच टेस्टची (रंग सोसतो का, हे त्वचेच्या छोट्या भागावर पाहण्याची चाचणी) नोंद ग्राहकाच्या कार्डावर नसेल, तर कामच सुरू होत नाही.

तक्रार एकच आहे. दहा मिनिटे उशीर झाला की अर्ध्या दिवसाची गैरहजेरी लागते; मध्य रेल्वेची पावसाळ्यातली अवस्था ठाऊक असूनही कल्याण-बदलापूरहून येणाऱ्या मुलींना त्यात सूट नाही. बुडालेले प्रात्यक्षिक भरून काढण्याची सोय आहे, मात्र त्याचे वेगळे शुल्क द्यावे लागते, हे प्रवेशाच्या वेळी कोणीही सांगितले नव्हते. प्रवेश घेण्यापूर्वी या शुल्काची माहिती लेखी मागून घ्यावी.