कोपर्निकसची आपत्ती-नकाशा सेवा: छप्पर गेल्याचे कळते, कशाने गेले ते कळत नाही

मालमत्तेच्या नुकसानीची पाहणी करणे हा माझा सांगलीतील व्यवसाय असून, वळवाच्या वाऱ्याने तासगाव भागात बेदाणा शेडची पडझड झाली की विमादाव्यांच्या फायली माझ्याकडे येतात. त्याच नजरेने मी युरोपीय संघाची कोपर्निकस आपत्कालीन नकाशा सेवा अभ्यासली. उपग्रहचित्रांवरून नुकसानीचे नकाशे करणारी ही सेवा २०१२ पासून सुरू असून तिचे प्रसिद्ध झालेले नकाशे कोणालाही विनामूल्य पाहता येतात.

कसोटीसाठी मी हैयान वादळ निवडले. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी ते फिलिपिन्सच्या सामार आणि लेते बेटांवर धडकले, तेव्हा वाऱ्याचा अंदाजित वेग, एका मिनिटाच्या सरासरीने, ताशी ३१५ किलोमीटर होता. रस्ते आणि दूरध्वनी बंद पडलेल्या अशा बेटावर मदतीचे पथक आधी कोठे पाठवावे, हे ठरवण्यासाठी या नकाशांइतके उपयुक्त साधन क्वचितच असेल.

विमादाव्याचा निकाल मात्र त्यांवरून लावता येणार नाही, कारण त्यासाठी नुकसान कशाने झाले हे कळावे लागते. लेतेवरील टॅक्लोबान शहरात वाऱ्याबरोबर समुद्राचे पाणीही पाच-सहा मीटर चढून आत शिरले होते, तर सामारच्या टोकावरील गिवान गावात, जेथे वादळ प्रथम जमिनीवर आले, मुख्य विध्वंस वाऱ्याने केला. वरून पाहता दोन्ही ठिकाणची उघडी पडलेली घरे सारखीच दिसतात. भिंतीवरील पाण्याची रेघ जमिनीवर उभे राहिल्याशिवाय दिसत नाही. तीच गोष्ट पत्र्यांची: पत्रा स्क्रूभोवती फाटून वॉशर पर्लिनवरच (पत्रे ज्यावर बसवतात त्या आडव्या पट्टीवरच) राहिला असेल, तर पत्रा पातळ होता किंवा स्क्रू कमी होते, पर्लिनच वेल्डिंगमधून सुटून पत्र्यासकट गेली असेल, तर दोष सांगाड्याच्या जोडणीत आहे. वाऱ्याची ओढ छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना सर्वाधिक असते, त्यामुळे कोठून उचल सुरू झाली याचा अंदाज स्पष्ट चित्रावरून काही वेळा येतो, एवढे श्रेय मी या पद्धतीला जरूर देईन. ढगांची अडचण उरतेच, आणि वादळानंतरचे दिवस तर बहुधा ढगाळच असतात.

आपल्याकडील वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: नकाशाची मागणी अधिकृत संस्थांनाच करता येते, त्यामुळे दोन-चार गावांपुरत्या वळवाच्या तडाख्यासाठी तलाठ्याचा पंचनामा आणि शेतकऱ्याने पत्रे उचलण्यापूर्वी जवळून काढलेले फोटो हाच खरा आधार आहे.