बाराच्या उन्हातली चेटकीण : 'द मिडनाइट गर्ल्स', आठ महिन्यांनंतर

डिसेंबरात घेतलं तेव्हा दोन रात्रींत संपवलं आणि 'ठीक आहे' म्हणून फळीवर ठेवून दिलं. आता ऑगस्ट लागलाय, तिसरं वाचन झालंय आणि तेव्हाचं मत मागे घ्यावं लागतंय.

अलिसिया यासिन्स्काची ही २०२१ सालची कादंबरी. बर्फात बुडालेलं लेखिया नावाचं राज्य (पोलंडच, लपवायचा प्रयत्नही नाही), कार्नावाऊचे दिवस (ईस्टरआधीच्या उपवासापूर्वीचा मौजमजेचा काळ), आणि राजपुत्राचं निर्मळ काळीज पळवायला आलेल्या दोन चेटकिणी, मरिंका आणि झोशा. काळीज एकच, त्यामुळे चुरस. पुढे दोघी एकमेकींच्याच प्रेमात पडतात. हे पुस्तकाच्या जाहिरातीतच सांगितलंय, मी काही फोडत नाहीये.

पहिल्या वेळी मी कुलिगमध्येच रमले. मशाली पेटवून बर्फावरून पळणाऱ्या घसरगाड्यांची रांग! मला पोलंडमधल्या व्रोत्स्वाफमध्ये तीन वर्षं झाली, पण असलं काही बघायला मिळालेलं नाही. इथे कार्नावाऊ म्हणजे मुख्यतः शेवटच्या गुरुवारी पाँचकीसाठी (सारण भरलेले तळलेले डोनट) बेकरीसमोर गारठत उभं राहणं. तशी उभी असतानाच डोक्यात शिरलं की पुढच्या बुधवारी उपवासाचा काळ सुरू, म्हणून मंगळवारच्या मध्यरात्रीपर्यंत सगळ्यांची घाई. गोष्टीलाही तीच मुदत आहे. घरी येऊन पुन्हा वाचायला घेतलं.

पण खरी मजा जुलैत आली. मरिंका म्हणजे 'दुपार', झोशा 'मध्यरात्र'. इथल्या लोककथांत पोवुदनित्सा, म्हणजे दुपारची चेटकीण, असते. कापणीच्या दिवसांत भर बाराला शेतात थांबलेल्याला ती गाठते, कोडी घालते, उत्तर चुकलं की मान मुरगाळते. ऊन लागून माणूस का पडतो, याची जुन्या लोकांनी लावलेली संगती. ऑफिसातल्या एकीने हे सांगितलं आणि मला आजी आठवली. 'बाराच्या ठोक्याला विहिरीकडे फिरकू नकोस!' डिसेंबरात मला मरिंका नुसती आक्रस्ताळी वाटली होती. आधी हात, मग विचार. ऐन बर्फात आणून सोडलेली ती उन्हाची पोर आहे, हे लक्षात आल्यावर तिचा तापटपणा आवडायला लागला.

तक्रारी आहेतच. राजपुत्र पुठ्ठ्याचा. मधला भाग रेंगाळतो : नाच, मुखवटे, फसलेला डाव, पुन्हा नाच. तिसऱ्या वाचनात तिथली पानं सरळ उलटली.

दोन मुलींच्या प्रेमाचं मात्र छान जमलंय. 'लोक काय म्हणतील' हे रडगाणं नाही. अडचण दोघींच्या ईर्ष्येची आहे. जिंकायचं तर आहे, पण समोरची हरलेली बघवत नाही. आणि ती दुसऱ्या कुणाकडून हरली, तर मुळीच खपत नाही.

माझी प्रत गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीने पुण्याला नेली. ती झोशाच्या बाजूची निघाली, रोज रात्री फोनवर भांडते. प्रत काही परत येत नाही.