घडीचा चाकू की अडकित्ता? संग्रह सुरू करण्याआधी

पात्यांचा नाद लागला की माणूस आधी घडीच्या चाकूंकडे वळतो, आणि त्यात चूक काही नाही. चांगल्या चाकूची उघडझाप हीच एक मौज असते. ओपिनेल या फ्रेंच चाकूवर १९५५ पासून बसणारं, पातं जागेवर अडकवणारं फिरतं कडं, किंवा व्हिक्टोरिनॉक्स या स्विस चाकूच्या पाठीतली स्प्रिंग आणि पातं मिटताना येणारा तिचा ‘टक्’ आवाज. अडकित्त्यात हे सुख नाही, तो नुसता उघडतो आणि मिटतो. तरीही महाराष्ट्रात राहून संग्रह करायचा असेल, तर अडकित्त्याचा विचार एकदा करून पाहावा असं वाटतं. (तलवार, गुप्ती, जांबिया हा प्रांत वेगळा. तिथे आधी परवान्याची चौकशी, मग हौस.)

पावसाळा दोघांनाही छळतो. कार्बन स्टीलचं पातं लिंबू-कांद्याने काळं पडतं, ते चालतं. तो काळा थर उलट पात्याला गंजापासून थोडं राखतो. तांबूस ठिपका दिसला, तर मात्र त्याच दिवशी तेल लावून पुसावा. ओपिनेलची बीच लाकडाची मूठ दमट हवेत फुगते आणि पातं खाचेत घट्ट बसतं. नखाने ओढत बसू नये. कडं सोडून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर आपटलं की पातं थोडं वर येतं. मूठ पूर्ण वाळल्यावर खाचेत जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. चाकू चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नये. चामडं ओल धरतं आणि पात्यावर त्याचाच नकाशा उमटतो.

एवढं सगळं सांभाळता येतं. मला खटकतं ते वेगळंच. संग्रह म्हणजे वस्तू दुसऱ्याला दाखवणं, अदलाबदल करणं, धारवाल्याकडे नेणं. चाकू घराबाहेर काढला की त्याच्याबरोबर एक उत्तरही खिशात ठेवावं लागतं. शस्त्र नियमांत पातं शस्त्र म्हणून धरण्याचं माप म्हणजे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं; खिशातले चाकू त्याच्या जवळपासही जात नाहीत, ओपिनेल क्रमांक ८ चं पातं जेमतेम ८.५ सेंमी आहे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो, तेव्हा या मापाचा आधार राहत नाही. त्यात चाकू-सुरे सरसकट येतात. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या आगेमागे असे आदेश निघतच असतात, आणि आज आपल्या हद्दीत तो लागू आहे का, हे घरातून निघताना कोण बघतो?

एक चाकू आणि सोबत सफरचंदांची पिशवी असेल तर बोलता येतं. एकाच पिशवीत सहा चाकू असले की बोलणं अवघड. बाळगणाऱ्याचा हेतू स्वच्छ असतो, पण तो मॉलच्या किंवा मेट्रोच्या स्कॅनरवर दिसत नाही. न्यायचेच असतील तर पाती कागदात गुंडाळून बंद डब्यात, डबा बॅगेच्या तळाशी, खरेदीची पावती सोबत, आणि वाटेत दुसरं काम काढू नये. बटणाचा चाकू, म्हणजे रामपुरी आणि त्याची भावंडं, संग्रहात नसलेलाच बरा. दिल्लीत तर १९८० च्या अधिसूचनेने ७.६२ सेंमी किंवा त्याहून लांब पात्याचे बटणाचे चाकू थेट शस्त्र कायद्याच्या कक्षेत आणले आहेत. लंडनला राहणाऱ्या मराठी माणसाचा हिशेब आणखी वेगळा: तिथे कारण न देता बाळगायला ३ इंचांपर्यंतचा, उघडल्यावर पातं अडकून न राहणारा घडीचा चाकूच चालतो. ओपिनेल क्रमांक ८ लांबी आणि कडं या दोन्हींवर नापास.

अडकित्ता काढला, तर समोरचा माणूस ‘सुपारी आहे का?’ असं विचारतो. फरक एवढाच, पण रोजचा आहे. शस्त्र नियमांच्या त्याच यादीत घरगुती वापरासाठी घडवलेली पाती वगळली आहेत, आणि अडकित्त्याहून घरगुती ते काय असणार! मनाई आदेशाचा शब्द अगदी कीस पाडून वाचला तर तोही अडकवता येईल, हे खरं. विमानात मात्र दोघांचीही जागा चेक-इन बॅगेत.

अडकित्त्यात फसगत होते ती खरेदीत. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात ‘शंभर वर्षांचा’ म्हणून नवा ओतीव माल सर्रास पुढे केला जातो. खिशात लहान लोहचुंबक ठेवावं. ते पात्याला चिकटायला हवं आणि पितळी अंगाला चिकटता कामा नये. पात्यालाही चिकटलं नाही तर ती नुसती शोभेची वस्तू. पितळी धारेने सुपारी फुटत नाही. अंगालाही चिकटलं तर आत लोखंड, वर मुलामा. मग झीज पाहावी. खऱ्या वापरात दांड्यांची टोकं आणि तळहाताला लागणारी बाजू गुळगुळीत होते, पोपट-मोराच्या घाटाचा असेल तर पोपटाची चोच किंवा मोराचा तुरा बोथटतो आणि खाचांतला मळ तसाच राहतो. उंचवटे आणि खाचा सारख्याच काळ्या असतील तर तो रंग बाटलीतला आहे. मिटून उजेडाकडे धरावा. पातं खालच्या दांड्याला सबंध लांबीभर टेकायला हवं. सांधा आडवा हलत असेल तर खिळ्याचं एक डोकं लोखंडी ठोकळ्यावर टेकवून दुसऱ्याच्या कडेने हलक्या हातोडीने दोन-दोन टोले द्यावेत आणि दर वेळी उघडून पाहावा. जोर केला तर सांधा जाम होतो, जुनं ओतीव पितळ तडकतंही.

चिंचेच्या पाण्यात मात्र बुडवू नये. पितळ लखलखतं, पण आंबट ओल पितळ आणि लोखंड यांच्या फटीत राहते आणि पातं मुळापासून खाते. कोरडं फडकं आणि खिळ्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. गोडेतेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं.

शंभर वर्षांहून जुना अडकित्ता १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतो आणि देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा अमेरिकेतल्या भाच्यासाठी तसा घेऊ नये. त्याला व्हिक्टोरिनॉक्स द्या. इथेच राहणाऱ्याने पैसे काढण्याआधी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते निवांत पाहावेत, आणि मग बाजारात साधा, नक्षी नसलेला, चालता अडकित्ता घ्यावा. एखादा ओपिनेल स्वयंपाकघरात असू द्यायला कुणाची ना नाही.