तीन तासांत सहाशे मीटर: वेताळ टेकडीवरची निसर्गफेरी

अकरा वर्षं मी रोज सकाळी पुण्यातली वेताळ टेकडी चढते. कारण शुगर. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने वर, खाणीपाशी वळसा, परत खाली. त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर ‘टेकडीची ओळख, फक्त नवशिक्यांसाठी, ३५० रुपये’ असा मेसेज आला तेव्हा म्हटलं, मला कोण टेकडी दाखवणार? भाचीने परस्पर पैसे भरले म्हणून गेले. जूनचा शेवटचा रविवार, सकाळी साडेसहा.

आधी तक्रारी. पंधरा जणच घेणार असं सांगितलं होतं, आले एकतीस. मागच्यांना अर्धंअधिक ऐकूच येत नव्हतं. भिंगं सहाच, त्यामुळे एकेका किड्यासमोर रेशनची रांग. शेवटी पोहे मिळाले ते गार. आणि एक गृहस्थ दर दहा मिनिटांनी ‘बिबट्या दिसेल का’ विचारत होते, पण तो काही आयोजकांचा दोष नाही.

आता फेरी घेणारा तो मुलगा. प्राणिशास्त्र शिकतोय, पंचविशीच्या आतला. पहिली वीस मिनिटं त्याने आम्हाला गाड्या लावल्या तिथून हलूच दिलं नाही. तिथे ओल्या पाल्यात एक वाणी, ती गोमेसारखी पुष्कळ पायांची, चालली होती. ‘काकू, हातावर घेता?’ (बावन्न वर्षांची आहे, काकू म्हणायला हरकत नाही, पण पहिल्याच वाक्यात?) घेतली. ती लगेच पैशासारखी गोल झाली. मिनिटभराने उलगडली तेव्हा भिंगातून दिसलं: पुढची तीन-चार कडी सोडली तर प्रत्येक कड्याला पायांच्या दोन-दोन जोड्या, आणि सगळे पाय लाटेसारखे मागून पुढे सरकताहेत. गोमेला एका कड्याला एकच जोडी असते. गोम शिकार करते, वाणी कुजका पाला खाते. मी आजवर दोघींना एकाच चपलेने मारत आले. हाताला उग्र वास राहिला. डोळ्यांना हात लावू नका, असं त्याने लगेच बजावलं.

पुढे मृगाचा किडा दिसला, तो लाल मखमली. पाय मोजायला लावले. आठ. किड्याला सहा असतात, म्हणजे हा किडा नव्हेच, कोळ्याच्या गोतातला. झाडीत पावशा ‘पेरते व्हा’ करत होता. तो काही दिसला नाही.

मला सगळ्यात आवडला तो सुतळीचा खेळ. एक मीटर बाय एक मीटरची चौकट जमिनीवर टाकायची आणि आत किती प्रकारची रोपं आहेत ते मोजायचं. नावं येत नसली तरी चालेल, ‘केसाळ पानाचं’, ‘लाल देठाचं’ असं लिहायचं. मोकळ्या गवतात आमच्या गटाला अकरा प्रकार मिळाले. उंदीरमारीखाली, म्हणजे टेकडीवर जिथेतिथे लावलेल्या त्या गिरिपुष्पाखाली, चारच. हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. मी त्याला हिरवळ समजून वर्षानुवर्षं सुखावत होते. एका चौकटीवरून निकाल द्यायचा नसतो, हेही त्याने सांगितलं. मी पतपेढीत हिशोब बघते, एका पावतीवर ताळेबंद करत नाहीत हे मला लगेच पटलं.

शेवटी सगळ्यांना आयनॅचरलिस्टवर, म्हणजे जिथे फोटोवरून लोक जीवाची ओळख सांगतात त्या अ‍ॅपवर, फोटो टाकायला शिकवलं. हे घाईत उरकलं. मी वाणीचे चार फोटो टाकले, चारही वरूनच काढलेले. नेमकी जात अजून कुणी सांगितलेली नाही. बाजूने आणि पायांचाही घ्यायला हवा होता, हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पाचपैकी साडेतीन. पोहोचल्यावर आधी डोकी मोजा. वीसच्या वर असतील तर त्या मुलाला चिकटून चाला. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, डास फार. मुलांना जरूर न्या. व्यायाम म्हणून जाणार असाल तर जाऊ नका, तीन तासांत आम्ही जेमतेम सहाशे मीटर गेलो.

निघताना तो म्हणाला होता, घरी कढीपत्ता असेल तर पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसतंय का बघा. बाल्कनीत पाहिलं, दोन होत्या. बोट लावल्यावर एकीने डोक्यामागून दोन शिंगं बाहेर काढली. लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या. दरवर्षी मी त्या घाण म्हणून पुसून टाकायचे. आता त्यांनी अर्धी कुंडी फस्त केली आहे आणि फोडणीला कढीपत्ता मी शेजारून मागून आणते.