सरकत्या फ्लोटचा तयार संच: फ्लोट अव्वल, मणी मात्र बदला

पुण्यात गळाच्या सामानाबरोबर सरकत्या फ्लोटचा (पाण्यावर तरंगून मासा लागल्याचं दाखवणाऱ्या बोंडाचा) तयार संच साडेतीनशे रुपयांना मिळतो. पाकिटात ४ आणि ६ ग्रॅम वजन पेलणारे दोन फ्लोट, रबरी स्टॉपर, मणी, शिशाच्या गोळ्या, स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी) आणि ६ नंबरचे गळ. पवना किंवा उजनीच्या काठावरून खोल पाण्यात गळ टाकणाऱ्यांनी घ्यावाच, पण जसाच्या तसा वापरू नये.

फ्लोट तंगुसाला (गळाच्या नायलॉन दोरीला) एका जागी घट्ट बसवला की आमिष साधारण रॉडच्या लांबीएवढंच खोल सोडता येतं. त्याहून जास्त सोडलं तर फेकायलाच जमत नाही. सरकता फ्लोट फेकताना शिशापाशी असतो. पाण्यात पडला की शिसं खाली जातं आणि तंगूस फ्लोटमधून सरकत राहतो, स्टॉपर येऊन अडेपर्यंत. म्हणजे आमिषाची खोली ठरवतो तो स्टॉपर, आणि संच कच्चा आहे तो नेमका तिथेच. रबरी स्टॉपर ०.२८ मिलिमीटरच्या तंगुसावर सैल बसतात. पाच-सहा फेकीत हातभर सरकतात आणि आमिष कुठे लोंबतंय ते कळत नाही. त्याऐवजी शिवणाच्या जाड दोऱ्याची गाठ मारा: तंगुसाभोवती पाच वेढे, थुंकीने ओलं करून हळू आवळायचं. कोरडी गाठ आवळली की घर्षणाने तंगूस तापतो आणि तिथेच तुटतो. दोऱ्याची टोकं दीड-दोन सेंटिमीटर ठेवा. अगदी जवळ कापली तर ताठ राहून रॉडच्या कड्यांत अडकतात.

गाठीनंतर मणी. संचातल्या मण्यांचं भोक इतकं मोठं की गाठ त्यातून सहज आरपार जाते. एक मिलिमीटर भोकाचे काचेचे मणी माळांच्या दुकानात चिल्लर पैशांत मिळतात. पुढचा क्रम: फ्लोट, आणखी एक मणी, शिसं, स्विव्हल, मग ०.२२ चा ४० सेंटिमीटर तंगूस आणि गळ. शेवटचा तुकडा बारीक ठेवायचा, म्हणजे गळ खडकात अडकला तरी तुटेल तो तेवढाच, फ्लोट वाचेल.

वजन घरी बादलीत जुळवा. आमिषासकट सगळं लटकवून फ्लोटचं फक्त रंगीत टोक वर राहीपर्यंत शिसं वाढवायचं. शिसं कमी पडलं तर तंगूस सरकतच नाही, फ्लोट आडवा पडून राहतो. शिशाला हात लागले की धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नका.

खोली मोजायला गळाला १५ ग्रॅमचं शिसं अडकवून टाका. फ्लोट बुडाला तर गाठ वर सरकवा, आडवा पडला तर खाली. टोक जेमतेम दिसलं की तळ सापडला. मृगळ तळाशी चरतो, त्यामुळे आमिष टेकलेलं हवं. रोहूसाठी गाठ हात-दीड हात खाली घ्या. कटला वरच्या थरात खातो, तिथे तळाचा हिशोब कामाचा नाही. धरणाचं पाणी सोडलं की पातळी उतरते, म्हणून गेल्या रविवारचं माप या रविवारी चालत नाही.

वारा असेल तर फेकल्यावर रॉडचं टोक पाण्यात बुडवून दोन मीटर तंगूस गुंडाळा. तरंगणारा तंगूस फ्लोटला ओढत नेतो आणि आमिष वर उचललं जातं.

गळ धारदार आहेत, पण चिलापीच्या तोंडाला ६ नंबर मोठा. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, म्हणून १० नंबरचे वेगळे घ्या. धरणातली मासेमारी बहुधा ठेक्याने दिलेली असते, तेव्हा आधी परवानगी विचारा, मग गाठ मारायला बसा.