हिरव्या खुणांची ‘मादाम बोव्हारी’, 120 रुपये

नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेतली. फ्रेंच लेखक फ्लॉबेरची कादंबरी, इंग्रजी अनुवाद, जुनी प्रत. तो दीडशे म्हणाला, मी 120 दिले. अक्षर मुंगीएवढं. मेच्या उन्हात बाइंडिंगचा डिंक सुटला आणि शेवटची पानं कूलरच्या वाऱ्यावर घरभर उडाली.

आधीच्या वाचकानं हिरव्या पेनानं खुणा केल्यात. नायिका एमानं कॉन्व्हेंटमध्ये वाचलेल्या प्रेमकथा, सरदाराच्या हवेलीतला नाच, सगळं अधोरेखित. तिचा प्रियकर रोडोल्फ, त्याच्या निरोपाच्या पत्रापाशी तर बदाम काढलाय! बाप्पा, पुढे वाचायचं ना थोडं. डोळ्यांत पाणी येईना म्हणून रोडोल्फ पेल्यात बोट बुडवून कागदावर थेंब पाडतो. त्या ओळीला खूण नाही.

कापडवाल्या लेरोलाही नाही. बँकेच्या कर्जखात्यात 26 वर्षं काढली म्हणून असेल, पण मला ही कादंबरी त्याचीच वाटली. पहिल्यांदा तो माल दाखवतो, एमा नको म्हणते, हा म्हणतो पैशांची घाई नाही. इतवारीत ‘घेऊन तर जा वहिनी, पैसे कुठं पळतात’ म्हणतात ना, तसंच. मग रोडोल्फसाठी भारीतला चाबूक, बिल 270 फ्रँक. जुनी हुंडी, म्हणजे उधारीचा लेखी वायदा, फिरवून नवी, वर व्याज, वर कमिशन. नवऱ्याकडून मुखत्यारपत्र घ्यायचं, तेही यानंच सुचवलेलं. शेवटी कोर्टाचा कागद: 8000 फ्रँक, 24 तासांत. ती रोडोल्फकडे 3000 मागायला जाते. तो म्हणतो, नाहीत. आणि भिंतीवर चांदी जडवलेली बंदूक!

1857 मध्ये लेखकावर खटला झाला तो नीतीचा आणि धर्माचा. सुटला. हुंड्यांबद्दल मला वाटतं त्या सरकारी वकिलाला काहीच खटकलं नसावं.

औषधवाला ओमे बोलायला लागला की मी चहा ठेवायला उठायची. कृषी मेळाव्याचं प्रकरण मात्र दोनदा वाचलं. खाली शेणखताचं बक्षीस पुकारतात, वर रोडोल्फ एमाचा हात धरून नशिबाच्या गोष्टी करतोय. एकटीच हसत बसले.

चार तारे. एक डिंकाचा कापला. लेरोच्या ओळींना मी लाल पेन लावलाय. पुस्तक सध्या शेजारच्या पोट्टीकडे आहे; लग्न ठरलंय तिचं, लेहेंगा हप्त्यावर घेते म्हणत होती.